फाइल उघडी आहे

डिलीट दाबलं की विंडोज कधीकधी साफ नकार देतं: फाइल अमुक प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. बहुतेकांना यात कॉम्प्युटरचा हेकटपणा दिसतो. मला शिष्टाचार दिसतो. कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडतानाच सांगून ठेवतो, माझं काम चालू असताना इतरांनी ती वाचलेली चालेल का, तिच्यात लिहिलेलं चालेल का, पुसलेली चालेल का. तिसऱ्याला ‘नाही’ म्हटलेलं असेल तर विंडोज ते पाळतं, मग पुसायला साक्षात ॲडमिनिस्ट्रेटर का आलेला असेना. युनिक्सची रीत निराळी. तिथे नाव लगेच जातं, मजकूर मात्र शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत डिस्कवर राहतो. तोडगा हुशारीचा खरा. पण डिस्क भरलेली आणि फाइल कुठेच दिसत नाही, हा छळ ज्यानं भोगलाय त्याला विंडोजचा रोखठोक नकार आवडू लागतो.

नवा रायपुरात या नकाराला स्थानिक रंग चढतो. २०१२ मध्ये छत्तीसगडचं मंत्रालय इथल्या महानदी भवनात आलं, भोवती सेक्टर वसले, तरी इथे कामाला येणारी कितीतरी मंडळी जुन्या रायपुरातच राहतात. एखाद्या ऑफिसात कुणी एक्सेल उघडं ठेवून, स्क्रीन लॉक करून घरी गेलं, की शेअर्ड फोल्डरमधली ती फाइल सकाळपर्यंत हलायची नाही. आपलं मशिन रीस्टार्ट करून काय होणार? पकड त्यांच्या मशिनची आहे. अशा वेळी लपवलेल्या फाइली दिसतील असं करून बघा. शेजारीच टिल्ड आणि डॉलरच्या खुणेनं सुरू होणारी चिमुकली फाइल सापडते. तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. कुलूप लावणाऱ्यानं किल्ली कुणाकडे आहे ते दारावरच लिहून ठेवावं, तसं.

मार्क रुसिनोविच यांच्या प्रोसेस एक्सप्लोरर या टूलमध्ये फाइलचं नाव शोधलं की ती धरून बसलेला प्रोग्रॅम सापडतो, आणि त्याचं हँडल, म्हणजे फाइलवरची पकड, तिथूनच बंदही करता येतं. हा धसमुसळेपणा मला रुचत नाही. प्रोग्रॅमला याची खबरच नसते. तोच हँडल-क्रमांक पुढे दुसऱ्या फाइलला मिळाला, तर तो बिचारा तिच्यातच लिहीत सुटायचा.

दाद द्यावी ती रीस्टार्टवर ढकललेल्या डिलीटला. विंडोजच्या रजिस्ट्रीत त्यासाठी एक यादी असते, नावांच्या जोड्यांची: आधी जुनं नाव, मग नवं. पुसायचं असेल तर नव्या नावाची जागा रिकामी सोडायची. बस्स! पुसण्यासाठी वेगळी आज्ञाच नाही. नाव बदलायचं आणि बदलून काहीच ठेवायचं नाही. इतकं काटकसरीचं लेखन क्वचित वाचायला मिळतं. मशिन सुरू होताना डिस्कची तपासणी उरकते आणि सेशन मॅनेजर ही यादी वाचून फाइली उडवतो. पेजफाइलही तोवर तयार झालेली नसते, मग बाकीचे प्रोग्रॅम कुठले जागे असायला!

मात्र त्यासाठी ‘रीस्टार्ट’च निवडायला हवं. विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’मध्ये कर्नल पुरता बंद होत नाही, हायबरनेट होतो, यादी न वाचताच राहते, आणि सकाळी मशिन चालू करावं तर फाइल जागच्या जागी.