संपादक आणि संयोजक : अनिल धारकर यांच्या कारकीर्दीतील एक प्रश्न

कोणत्या लेखकास व्यासपीठावर पाचारण करावे, त्याने कोणत्या विषयावर बोलावे आणि कोणाचा सन्मान व्हावा, हे वाङ्मयमहोत्सवाचा संचालक ठरवितो. ही निवड म्हणजे एक प्रकारचा वाङ्मयीन निर्णयच होय. म्हणून ग्रंथकाराच्या कृतीप्रमाणे संचालकाच्या निर्णयाचीही मीमांसा होणे उचित आहे. मुंबईचे इंग्रजी पत्रकार व लेखक अनिल धारकर यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

धारकरांचे शिक्षण गणित व अभियांत्रिकीचे; परंतु त्यांचे आयुष्य वृत्तपत्रांत गेले. ‘डेबोनेर’, ‘मिड-डे’, ‘इंडिपेंडंट’ आणि ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या नियतकालिकांचे संपादकपद त्यांनी भूषविले. ‘सॉरी, नॉट रेडी’ (१९९७) हे त्यांचे पुस्तक दूरदर्शनविषयी आहे. त्याच्या उपशीर्षकातील ‘पी. एम. दर्शन’ हा श्लेष लेखकाची भूमिका स्पष्ट करण्यास पुरेसा आहे : जे माध्यम आपल्या धन्याचे दर्शन घडविण्यात गुंतते, ते लोकांचे राहत नाही. पुढे ‘द रोमान्स ऑफ सॉल्ट’ (२००५) या पुस्तकात त्यांनी मिठासारख्या नित्याच्या पदार्थाच्या इतिहासाचा मागोवा घेतला.

२०१० मध्ये धारकरांनी मुंबईत ‘लिटरेचर लाइव्ह’ हा महोत्सव सुरू केला. टाटा समूहाच्या आश्रयाने चाललेल्या या महोत्सवाच्या नावातही आश्रयदात्याचे नाव आले. नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आणि जुहूचे पृथ्वी थिएटर येथे देशोदेशींचे लेखक मुंबईकर वाचकास भेटू लागले. हे कार्य थोर होते, याविषयी दुमत नसावे. तथापि पूर्वी इतरांच्या माध्यमाची चिकित्सा करणारा समीक्षक आता स्वतःच एका माध्यमाचा नियंता झाला होता. त्या भूमिकेची कसोटी दोन प्रसंगी लागली.

२०१२ मध्ये महोत्सवाने व्ही. एस. नायपॉल यांस जीवनगौरव दिला. आपल्या नाट्यजीवनाविषयी बोलण्यासाठी आलेल्या गिरीश कर्नाडांनी त्याच व्यासपीठावरून नायपॉलांच्या भारतीय मुसलमानांविषयीच्या दृष्टीवर कठोर टीका केली आणि सन्मान देणाऱ्यांसही दोष दिला. धारकरांनी पुढे त्या सन्मानाचे समर्थन केले. परंतु टीका उच्चारली गेली होती आणि तीमुळे महोत्सव खुजा झाला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नोम चॉम्स्की आणि विजय प्रसाद यांचा दूरसंवाद ठरला होता. आरंभी टाटा उद्योगसमूहाविषयी एक निवेदन वाचण्याचा उभयतांचा मानस होता. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. धारकरांनी निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. महोत्सव विचारांच्या मुक्त आविष्कारासाठी आहे, एखाद्या संस्थेविरुद्धच्या विशिष्ट उद्दिष्टासाठी नव्हे, असे त्यांच्या समर्थनाचे सार होते.

या दोन प्रसंगांवरून संचालक बदलला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कर्नाडांचे भाषण अनपेक्षित होते. चॉम्स्कींचा हेतू आधी कळला होता. त्यामुळे २०१२ चे स्वातंत्र्य हे तत्त्वाने दिलेले नसून प्रसंगाने घडलेले होते, असेच म्हणावे लागते. शिवाय कर्नाडांचा रोख पुरस्कारावर होता, चॉम्स्कींचा आश्रयदात्यावर. विचार आणि उद्दिष्ट यांमध्ये धारकरांनी केलेला भेद म्हणूनच टिकत नाही. कर्नाडांच्या टीकेसही उद्दिष्ट होतेच. किंबहुना ‘सॉरी, नॉट रेडी’सही ते होते. ज्या कसोटीवर धारकरांनी दूरदर्शनला घासले, तीच येथे त्यांच्यावर उलटते.

मराठी वाचकाने मात्र यात समाधान मानू नये. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत आणीबाणीविरुद्ध आवाज उठविला, हा आपला अभिमानाचा वारसा खरा. परंतु २०१९ च्या यवतमाळ संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांस दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, हेही तितकेच खरे. आश्रय उद्योगसमूहाचा असो वा लोकवर्गणीचा, भीतीस प्रवेश कोठेही मिळू शकतो.

२०२१ मध्ये धारकर निवर्तले. मुंबईला त्यांनी एक मोठे व्यासपीठ दिले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु व्यासपीठाची थोरवी तेथे आलेल्या पाहुण्यांच्या नामावळीवरून ठरत नाही. ते उभारणाऱ्याविरुद्ध तेथे किती बोलता येते, यावरून ठरते. धारकरांतील संपादकास हे ठाऊक होते; त्यांच्यातील संयोजकास ते शेवटपर्यंत पेलले नाही.