साशाचे पिल्लू

संतोष सिवन यांचा ‘हेलो’ हा १९९६ चा हिंदी बालपट आम्ही अलीकडेच बंगळुरात पुन्हा पाहिला. देवानेच धाडले असे मानून आईवेगळ्या, सात वर्षांच्या साशाने जिवाशी धरलेले कुत्र्याचे पिल्लू हरवते, आणि ‘हेलो’च्या शोधात ती मुंबई पालथी घालते. वाटेत भेटणारी मोठी माणसे विनोदापायी अंमळ अधिकच रंगविली आहेत, हा दोष खरा. परंतु साशाचे दुःख दिग्दर्शकाने हसण्यावारी नेलेले नाही. चित्रपटाचे मोल आम्हांस येथेच वाटते. बदलीचा हुकूम येताच घरचे कुत्रे शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून ‘तिकडे दुसरे आणू’ असे आपण मुलांस किती सहज सांगतो! आम्हीही सांगितले होते. मुलीने त्यावर काही उत्तर दिले नव्हते.