‘सीझन’ : एका परशब्दाचे मराठी अर्थक्षेत्र

गणपतीपुळ्यात मे महिना हा ‘सीझन’ असतो आणि आषाढ ‘ऑफ सीझन’. लॉजमधील खोलीचे भाडे, नोकराची रजा, घराची डागडुजी ही सारी या दोन शब्दांवर ठरतात. इंग्रजीत ‘सीझन’ म्हणजे प्रथमतः ऋतू. मराठीने तो अर्थ जवळजवळ घेतलेलाच नाही. ‘पावसाचा सीझन’ असे कोणी म्हटलेच, तर बहुधा छत्र्यांच्या खपासंबंधी. परशब्दाच्या अर्थाचा एखादाच पदर उचलणे ही भाषांची जुनी रीत आहे. विचार करायचा तो हाच पदर का उचलला गेला याचा.

मराठीत शब्दाची उणीव होती, हे उत्तर टिकत नाही. फारसी ‘हंगाम’ आणि अरबी ‘मोसम’ केव्हाच रुळले होते. (त्याच अरबी शब्दाचा वंशज पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला आणि ‘मान्सून’ होऊन हवामानवृत्तांतून मराठीत आला.) रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–३७) सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, त्यांच्या निकषावर हे तिन्ही शब्द परकेच. परंतु शुद्धिवादी दृष्टी शब्दाचे कुळ पाहते. येथे पाहायला हवे ते त्याचे क्रियापद.

ऋतू येतो आणि सरतो. हंगाम येतो, क्वचित वाया जातो. पण वाया जाण्यासाठीही तो आलेला असावा लागतो. सीझन मात्र ‘होतो’, आणि म्हणूनच ‘होत नाही’ असेही म्हणता येते. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल-मे आले, कलमांवर आंबे पिकले. पर्यटनाचा सीझन झालाच नाही. या वाक्यात विरोधाभास जाणवत नाही, कारण सीझन हा काळाचा विभाग उरलेला नसून गिऱ्हाइकाच्या येण्याने घडणारी घटना झाला आहे. आंबा बागायतदाराच्या बोलण्यात दोन्ही शब्द नांदतात आणि तेथे सीमारेषा पुसट आहे, हे मान्य करावे लागेल. पिकाचा काळ आणि विक्रीचा काळ तेथे एकच असतो.

‘ऑफ सीझन’ला ‘बिगरहंगाम’ हा पर्याय सुचवला जाईल. तो फसवा आहे. बिगरहंगामी भाजी ही अवेळी पिकलेली असते. ऑफ सीझनमध्ये पिकण्याचा प्रश्नच नाही, फक्त कोणी येत नाही. ‘हंगामी’ हे विशेषण तर ‘तात्पुरता’ या अर्थाकडे इतके सरकले आहे की ‘हंगामी पर्यटक’ हा प्रयोग विनोदी वाटतो. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘पेरणी’ या अर्थाच्या शब्दात आहे. कोकणात भाताची पेरणी होते जूनच्या सुमारास, म्हणजे नेमकी ऑफ सीझनमध्ये. (क्रिकेटमधील ‘सीझन बॉल’ ही निराळीच कथा, तेथे शब्दाचा काळाशी संबंधच तुटला आहे.)

व्याकरणाने मात्र या शब्दाला अजून पुरते घरात घेतलेले नाही. ‘हंगामाला’, ‘हंगामात’ अशी सामान्यरूपे सहज होतात. ‘सीझनाला’ कोणी म्हणत नाही, ‘सीझनला’ म्हणतात. कादंबरीकारांची पंचाईत येथेच होते. लॉजवाल्याच्या तोंडी ‘यंदाचा हंगाम बरा गेला’ असे वाक्य घालून संवाद शुद्ध होतो. पण बोलणारा माणूस लॉजवाला राहत नाही, शेतकरी होतो.