‘वाढ’ या शब्दाची अडचण

द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉलसारखी वनस्पतिजन्य पॉलिफेनॉले स्नायुपेशींची ‘वाढ’ करतात, हे विधान वरवर निःसंदिग्ध वाटते. परंतु पेशींचे विभाजन, त्यांचे स्नायुतंतूत रूपांतर आणि तंतूंचे जाड होणे अशा तीन भिन्न क्रिया आपण त्या एका शब्दात कोंबतो. विभाजन थांबल्यावाचून स्नायुजनक पेशी एकत्र मिसळून तंतू बनत नाहीत. उंदराच्या सी२सी१२ पेशींवरील २०१३ च्या प्रयोगांत रेस्व्हेराट्रॉलने विभाजन मंदावले व रूपांतरास चालना मिळाली. तेथे वाढ झाली म्हणावे, की खुंटली? शिवाय आतडी व यकृत यांतून जाताना हा रेणू बहुतांशी पालटतो. काचपात्रातील निष्कर्ष द्राक्षे खाणाऱ्यास सरसकट लागू होत नाही. विभाजन, विभेदन व पुष्टी असे तीन शब्द योजिल्यास वाचकाची दिशाभूल टळेल.