मेघाच्या पोटातल्या सावल्या

एका अरुंद, काळ्यापांढऱ्या पट्टीपाशी आपण थोडे रेंगाळू. तिच्यावर ओळीने उमटल्या आहेत त्या सावल्या: ढगातून जाणाऱ्या विमानाच्या पंखाखाली लेझरचा एक पातळ पडदा असतो, समोर प्रकाश टिपणाऱ्या 128 सूक्ष्म डोळ्यांची रांग असते, आणि मधून एखादा हिमकण सुळकन गेला की जितके डोळे झाकले जातात तितकी एक रेघ नोंदली जाते. विमान पुढे सरकते, दुसरी रेघ पहिलीला येऊन चिकटते, आणि रेघांवर रेघा रचत कणाचे रूप साकारते. म्हणजे या चित्राची रुंदी कणाने दिलेली आणि लांबी विमानाच्या वेगाने. वेग मोजण्यात जरा चूक झाली तरी गोल थेंब लांबट होतो. दहा मायक्रोमीटरांच्या एकेका ठिपक्याने विणलेले हे चित्र आणि 2023 पर्यंत पृथ्वीपासून 407 किलोमीटरवरून फिरत असलेला पर्जन्यमापी उपग्रह यांचे नाते फार हृद्य आहे.

हा उपग्रह, जीपीएम मोहिमेचा मुख्य उपग्रह, फेब्रुवारी 2014 मध्ये जपानमधल्या तानेगाशिमाहून झेपावला. त्याच्या निरीक्षणांची पारख करण्यासाठी 2015 च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर ‘ऑलिम्पेक्स’ हा प्रयोग मांडला गेला. प्रशांत महासागरावरून आलेली ओली हवा तिथे डोंगरांना भिडते. पायथ्याच्या जंगलात मुसळधार पाऊस, माथ्यावर बर्फ. आकाशातली मांडणी मात्र पाहावी अशी होती: सर्वांत वर उपग्रहाची वाट, त्याखाली सुमारे 20 किलोमीटरवरून उडणारे ईआर-2 विमान, त्याच्याही खाली उपग्रहासारखेच रडार घेतलेले डीसी-8, आणि थेट ढगाच्या पोटात शिरलेले नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे छोटे सायटेशन. एकाच मेघाकडे इतक्या उंचींवरून रोखलेल्या इतक्या नजरा!

सायटेशन ढगातून घिरट्या घेत खाली उतरते तेव्हाची पट्टी आपण वाचू. उणे 15 अंशांच्या आसपास सहा फांद्यांच्या नाजूक चांदण्या दिसतात. थोडे खाली त्या एकमेकींत अडकून विस्कटलेल्या, पिंजलेल्या कापसासारख्या पुंजक्यांत हरवतात. शून्य अंशाशी पुंजक्यांच्या कडा भिजतात, आकृत्या आक्रसतात. आणि आणखी खाली नुसते गोल, शांत थेंब. वरून पाहणाऱ्या रडारला हाच वितळण्याचा थर झगझगीत पट्ट्यासारखा दिसतो, कारण पाण्याने माखलेला मोठा पुंजका लहरी फार जोराने परतवतो. पाऊस तिथे वाढलेला नसतो, केवळ त्याची झळाळी वाढलेली असते. हे वेगळेपण सावल्यांच्या पट्टीशेजारी ठेवून पाहिले की लख्ख उमगते.

या पारखीचा गाभा इथेच आहे. उपग्रहाला पाऊस दिसतच नाही. दिसते ती परतलेली लहर, आणि ती पाहताना पाऊस किती असेल हे त्याला कल्पावे लागते. लहान थेंबांकडून परतणारी शक्ती त्यांच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणून दोन मिलिमीटरचा एकच थेंब आणि एक मिलिमीटरचे 64 थेंब रडारला सारखेच भासतात, जरी त्या 64 थेंबांत आठपट पाणी असते. ही कोंडी सोडवण्यासाठी उपग्रहावर 13.6 आणि 35.5 गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता आहेत. कण मोठे झाले की दुसरीचा प्रतिसाद पहिलीच्या मानाने मंदावतो, आणि त्या फरकातून आकाराचा सुगावा लागतो. पण पिसासारखा हलका पुंजका किती जड मानायचा? सावलीला वजन नसते. म्हणून त्याच विमानावर तापवलेल्या तारेचे एक उपकरणही असते: तिच्यावर आदळलेले हिम आणि पाणी वाफ करायला किती ऊर्जा लागली, त्यावरून ढगातल्या पाण्याचे वस्तुमान कळते, आणि सावल्यांच्या आकाराला वजनाची जोड मिळते.

मला विशेष भावते ती या वाचनातली सावधगिरी. उपकरणाच्या टोकाशी हिमकण आपटून फुटला तर त्याचे तुकडे झुंडीने लेझरखालून जातात आणि नसलेल्या छोट्या कणांची गर्दी भासते. म्हणून टोके खास घडणीची केली जातात, आणि एकामागोमाग फारच लगेच आलेल्या सावल्या बाजूला काढल्या जातात. शिवाय प्रमाणाचे भान ठेवावे लागते: मोठ्या कणांचे उपकरण सेकंदाला काही शे लिटर हवाच चाळते, तर उपग्रहाच्या रडारचा एक घास पाच किलोमीटर रुंद आणि 250 मीटर जाड. इतक्या विषम मापांचे सूर जुळतात ते कणांच्या सांख्यिकीतून, एकेका थेंबातून नव्हे.

आपल्या सह्याद्रीला हे वाचन फार जवळचे आहे. घाटमाथ्यावरचा बराच पाऊस उथळ ढगांतून, बर्फाची पायरी न चढताच कोसळतो. जमिनीवरच्या पावसाचा माग मुख्यतः वरच्या हिमाच्या खुणांवरून काढणारे उपग्रहांवरचे सूक्ष्मलहरी मापक तिथे पाऊस कमी दाखवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून ‘कायपीक्स’ प्रयोगात विमाने ढगांत पाठवली. महाबळेश्वरला तिची मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे, जिथे पावसाळी ढगच दारात येऊन टेकतात. तिथल्या पट्टीवर चांदण्या उमटत नाहीत, बारीक गोल थेंबच दाटीने येतात, आणि उपग्रहाच्या गणितात हिमाच्या जोडीने या बारीक थेंबांनाही त्यांचे न्याय्य स्थान हवे, हे त्या दाटीतून उघड दिसते.