प्रसंग हरवलेल्या भिंती

शहापुराहून किन्हवलीच्या बाजूस अथवा मुरबाडहून टोकावड्यावरून माळशेजच्या वाटेस लागलेल्या प्रवाशाला शाळांच्या, आश्रमशाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींवर गेरूच्या रंगात काढलेले पांढऱ्या त्रिकोणी माणसांचे फेर हल्ली जागोजाग दिसतात. आणि एके काळी पाड्याबाहेर ज्याची कोणी दखल घेत नसे त्या वारली चित्रास सरकारदरबारी एवढी प्रतिष्ठा लाभली, याचा प्रथमदर्शनी आनंदच वाटतो. परंतु अशा दहाबारा भिंती सावकाश पाहिल्या म्हणजे या आनंदास शंकेचे गालबोट लागते. प्रसार झाला हे उघडच आहे. पण जिचा प्रसार झाला ती कलाच आहे काय?

या चित्राचे मूळ स्थान लग्नघर होय. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमातीचा लेप दिलेला कुड गेरूने सारवावा, भिजवलेले तांदूळ वाटून पाण्यात कालवावेत, बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचल्यासारखे मऊ करावे आणि मग सवाशिणींनी चौक लिहावा, अशी ही वहिवाट. चौक ‘काढणे’ नव्हे, ‘लिहिणे’ हाच शब्द वारल्यांच्या तोंडी आहे, आणि त्यात फार मोठा अर्थ आहे. त्या चौकटीत सुफलतेची पालघट देवी येऊन बसते, भोवती सूर्य-चंद्र, फणी, शिडी, घोडा, झाडे यथास्थान उमटतात, लग्न लावणारी धवलेरी आपली गाणी म्हणते, आणि या चौकावाचून लग्न पुरे होत नाही. कार्य उरकल्यावर तेच चित्र चुलीच्या धुराने काळवंडते आणि एके दिवशी नव्या सारवणाखाली जाते. त्याचा शोक कोणी करीत नाही. कारण पुढच्या लग्नात ते पुन्हा लिहिले जाणार असते. ज्या चित्राला प्रसंग आहे, त्याला जपून ठेवण्याची गरजच पडत नाही.

हे चित्र कुडावरून कागदावर आले ते १९७० नंतरच्या दशकात. बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तेथील स्त्रियांची भित्तिचित्रे कागदावर आणण्यासाठी ज्यांना मिथिलेत पाठविले होते, तेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडास आले, आणि तेथे त्यांना जिव्या सोमा म्हशे हा असामान्य चित्रकार भेटला. म्हशे यांनी सवाशिणींची लिपी घेतली, पण चौकाची चौकट सोडून त्या लिपीत शेत, नदी, मुंग्यांची वारुळे आणि माशांचे जाळे आणले. संपूर्ण पृष्ठभाग व्यापणारे त्यांचे ते जाळे पाहताना रेषेच्या बारीक थरथरीतून पाण्याची हालचाल जाणवते. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. मात्र या उत्कर्षाची एक बाजू नमूद केली पाहिजे: जी कला मुख्यत्वे स्त्रियांच्या हातची होती, ती कागदावर येताच बहुतांशी पुरुषांची झाली.

जगातील भित्तिचित्रांचा इतिहास पाहिला तरी चित्र कोणाच्या हातचे, कोणाच्या मालकीचे, हाच प्रश्न निराळ्या वेशात समोर येतो. मेक्सिकोत क्रांतीनंतर शिक्षणमंत्री वास्कोन्सेलोस यांनी सरकारी भिंती दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारांच्या स्वाधीन केल्या, तेव्हा शेतकरी-कामकऱ्यांस त्या भिंतींवर आपले तोंड दिसले. उलट न्यूयॉर्कच्या रॉकफेलर केंद्रातील त्याच रिव्हेराचे चित्र, त्यात लेनिनची मुद्रा आली म्हणून, १९३४ साली फोडून टाकण्यात आले. ‘ब्लू’ या नावाने वावरणाऱ्या इटालियन चित्रकाराने तर बर्लिनमधील आपली विख्यात चित्रे २०१४ साली आणि बोलोन्यातील २०१६ साली स्वसंमतीने पुसली जाऊ दिली; कारण एके ठिकाणी त्या चित्रांच्या आधाराने आसपासच्या जमिनींचे मोल वाढविले जात होते, तर दुसरीकडे रस्त्यावरची चित्रे भिंतीतून उपटून संग्रहालयात नेली जात होती. भिंतीवरचे चित्र कोणाचे, या प्रश्नाला त्याने काळा-करडा रंग फासून उत्तर दिले. पालघट देवीवर सारवण घालणाऱ्या आमच्या आजीबाईला ते उत्तर नवे वाटले नसते.

आता आमच्या तालुक्यांच्या भिंतींकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा नावारूपास आलेले बहुतेक वारली चित्रकार त्या हद्दीत गेले. शहापूर-मुरबाडचे वारली, ठाकूर, कातकरी पाडे ठाण्यात राहिले आणि बहुधा बिननावाचेच राहिले. येथील सार्वजनिक भिंती पुष्कळदा चौरस फुटाच्या दराने रंगविल्या जातात. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरील नृत्याचा फेर घ्या. खऱ्या नाचात रांग तारपकऱ्याभोवती गोगलगाईच्या कवचासारखी वळत जाते, तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही, आणि रांगेचे एक टोक सदैव मोकळे असते, ज्याला यायचे त्याने यावे म्हणून. कंत्राटी भिंतीवर तो फेर बंद झालेले वर्तुळ होतो, सगळे नाचणारे एका साच्यातून उतरतात आणि तारपकरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे मध्यभागी उभा राहतो. हा दोष हाताचा नाही, कामाच्या स्वरूपाचा आहे. ज्याने तो नाच पाहिलेला नाही त्याला ते मोकळे टोक कसे सुचावे?

तानसा धरणाचे काम १८९२ साली पुरे झाल्यापासून शहापूरचे पाणी मुंबईस जात आहे, आणि आता येथली चित्रलिपीही शहराच्या पुलांवर, उपाहारगृहांवर, साड्यांवर गेली आहे. शहराने ती घ्यावी. पण मूळ गावी तरी ती उसनी होऊन परत येऊ नये.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. ग्रामपंचायतींना, शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कचेरीला माझी एवढीच विनंती आहे: रंगकामाची जी तरतूद दप्तरी मंजूर होते, तीतून एक भिंत पाड्यातील जाणत्या बायकांसाठी राखून ठेवा. त्यांना रीतसर मोबदला द्या, भिंतीच्या कोपऱ्यात त्यांची नावे लिहा, मुलांना शेजारी बसून पाहू द्या. आणि पुढच्या पावसानंतर ती भिंत सारवून पुन्हा त्यांच्याच हाती सोपवा.