‘सावकारी पाश’ : मुक्या पडद्यावरील कर्जाची कथा

कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचा अभिमान आपण सारेच बाळगतो. परंतु ज्या मूकपटाने त्या परंपरेला सामाजिक भान दिले, त्याचा विचार सहसा दोन ओळींच्या गौरवापलीकडे जात नाही. बाबूराव पेंटर यांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा तो मूकपट. वास्तववादाचा आद्य प्रयत्न म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हे बिरुद क्षणभर बाजूस ठेवून त्याचे खरे मोल पारखावे, असे आम्हांस वाटते. मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाही. तेव्हा त्याची कथा, जाणकारांच्या आठवणी आणि पेंटरांच्या अन्य कृती यांच्या आधारेच ही पारख करणे भाग आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ने (१९२०) कथा घेतली ती रंगभूमीवरून, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तून. या नाटकाचे बळ त्याच्या संवादांत होते. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. मुक्या पडद्यावर ते संवाद येणे शक्य नव्हते. उरली ती कृती. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके अंगावर आले की, ते कापावे लागले! पुढे १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला, तो हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. या दोन्ही कथा प्रेक्षकाला आधीच मुखोद्गत होत्या. पडद्यावरील पाट्या केवळ आठवण देण्यापुरत्या होत्या.

‘सावकारी पाश’ची कादंबरी नारायण हरि आपटे यांची. नावांच्या उलटापालटीमुळे पुष्कळांची गल्लत होते. पण हे दोन स्वतंत्र लेखक. येथे देव नाही, राजा नाही, किल्लाही नाही. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला एक शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी.

या कथेला मूकपटाचे माध्यम विलक्षण साजते, असे आमचे मत आहे. १८७५ साली सुपे येथून दख्खनचे दंगे पसरले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. ज्यावर अंगठा उठवला, तो कागद आपल्याला वाचता येत नाही, ही त्यांची खरी असहायता होती. मूकपटातही शब्द येतो तो लिहिलेल्या पाटीवर. आणि त्या काळच्या कित्येक प्रेक्षकांना ती पाटी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. अक्षरापुढे हतबल झालेला शेतकरी आणि अक्षरापुढे थबकलेला प्रेक्षक एका पातळीवर येतात. पेंटरांनी हे हेतुपुरस्सर साधले, असा आमचा दावा नाही. माध्यमानेच ते साधले.

१९३६ मध्ये पेंटरांनी हीच कथा शालिनी सिनेटोनसाठी बोलपटाच्या रूपाने पुन्हा केली. जे. बी. एच. वाडिया यांनी त्या बोलपटातील एका दृश्याची आठवण नोंदवली आहे : अंधुक उजेडातील उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. ही आठवण पुष्कळदा मूकपटाच्या खात्यावर मांडली जाते. पण रडणे ऐकू आले, ते अर्थातच बोलपटात. आवाज हाती आल्यावरही पेंटरांनी या मोक्याच्या जागी माणसाच्या तोंडी वाक्य घातले नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. मुक्या पडद्याने त्यांना शिकवलेला संयम तेथे दिसतो.

कथेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शीर्षकच सारा दोष सावकाराच्या पदरी टाकते. दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास एका हाताने आवळलेला नव्हता; रोखीत भरावा लागणारा जड शेतसारा, पडलेले भाव आणि धनकोच्या बाजूने झुकलेली न्यायालये यांचाही त्यात वाटा होता. एक खलपुरुष उभा केला की प्रेक्षकाचा संताप सोयीस्कर होतो. १९५३ चा ‘दो बिघा जमीन’ शेतकऱ्याला कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढायला लावतो, तेव्हा शहरही त्या पाशाचा दोर होते.

१९२५ चा प्रेक्षक या चित्रपटाकडे फारसा वळला नाही आणि पेंटर पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक कथांकडे गेले. पण बीज वाया गेले नाही. शांताराम यांनी १९३७ मध्ये याच आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ केला आणि पार्श्वसंगीत टाळून केवळ प्रसंगातील आवाजांवर तो तोलला.

वाचकहो, गहाण घेतलेले गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, अशी आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात आहे. कर्ज हा केवळ हिशेबाचा विषय नाही, रात्री थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाचा विषय आहे, हे त्या आज्ञेला ठाऊक होते आणि अंधारातील झोपडी दाखवणाऱ्या पेंटरांनाही. आपल्या धर्मग्रामांतून नाटके होतात. संतचरित्रे आणि दुःखसहनाचे प्रवेश आपण भक्तिभावाने सादर करतो. शेजारच्या घरातील लग्नाचे, दवाखान्याचे, शिक्षणाचे कर्ज मात्र आपल्या रंगमंचावर क्वचितच येते. परिचित कथा पाहून डोळे पुसणे सोपे असते. अपरिचित म्हणून टाळलेली कथा आपलीच असू शकते, हे ओळखणे कठीण. ‘सावकारी पाश’ने आपल्या प्रेक्षकाकडे मागितले ते एवढेच होते.